जुना टर्बो विकत घेतांना

नागपुरास किंवा अमरावतीस एखादें घर उभें राहूं लागलें म्हणजे दाराशीं सिमेंटच्या गोण्यांची थप्पी लागते. या गोण्या कोठून आल्या, कोणत्या वाटेनें आल्या आणि त्या आणणाऱ्या ट्रकच्या पोटांत काय काय झिजलें, हा विचार घरमालकाच्या मनांत सहसा येत नाहीं. त्यांतील कित्येक गोण्या चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गडचांदूर भागांतून निघालेल्या असतात. कोरपना तालुक्यांतील हें गांव माणिकगडच्या डोंगराळ मुलखाच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. गांवाला लागून सिमेंटचा एक कारखाना, आवारपूर व उपरवाही येथें आणखी दोन, भोंवतीं चुनखडीच्या खाणी आणि राजुऱ्याकडे कोळशाच्या. आगगाडीची सोय आहे. तरी रस्त्यावरील ट्रकांची रीघ कांहीं तुटत नाहीं. जेथें इतके ट्रक, तेथें टायरवाला, वेल्डिंगवाला आणि जुने सुटे भाग विकणारा, हे तिघेहि असावयाचेच.

अशा ठिकाणीं ज्याच्यापाशीं एकच ट्रक आहे, आणि त्याचेहि हप्ते अजून फिटावयाचे आहेत, अशा एखाद्या मालकाची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. भरलेली गाडी चढावर ओढीनाशी झाली आहे, धुराड्यांतून काळा धूर येत आहे, आणि एंजिनाची नेहमींची बारीक शीळ जाऊन तिच्या जागीं कर्कश किंकाळी ऐकूं येत आहे. मिस्त्री सांगतो, "टर्बो गेला." नवा घ्यावा तर हातीं पैसा नाहीं, गाडी उभी ठेवावी तर हप्ता उभा राहत नाहीं. मालक जुन्या मालाच्या दुकानीं जातो. दुकानदार फळीवरून रुपेरी रंग दिलेला एक टर्बो खालीं काढतो, त्याच्या तोंडांत बोट घालून चाकाला एक टिचकी मारतो, आणि चाक भिरभिर फिरूं लागतें. "पाहा न भाऊ, कसा लोण्यावानी फिरते!" सौदा बहुधा येथेंच ठरतो. वास्तविक परीक्षेला येथें प्रारंभहि झालेला नसतो.

टर्बोचार्जर, अथवा बाजारच्या भाषेंत नुसता टर्बो, म्हणजे एकाच दांड्याच्या दोन टोकांना बसविलेलीं दोन चाकें. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एका चाकाला फिरवितो. त्याबरोबर दुसऱ्या टोकाचें चाक फिरतें आणि बाहेरची हवा ओढून, दाबून, एंजिनांत कोंबतें. हवा अधिक मिळाली म्हणजे तेवढ्याच एंजिनांत अधिक डिझेल नीट जळतें व शक्ति वाढते. जो धूर एरवीं वायां जावयाचा, त्याच्याच जोरावर हें सारें चालतें, ही त्यांतील खुबी. स्वित्झर्लंडचा एंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यानें या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. ती व्यवहारांत नीट उतरावयास मात्र आणखी सुमारें वीस वर्षें जावीं लागलीं. मध्यंतरीं १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानाचें एक एंजिन पाइक्स पीक नांवाच्या, सुमारें ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेऊन चालवून दाखविलें. विरळ हवेंत त्या एंजिनानें गमावलेली शक्ति टर्बोनें त्याला परत मिळवून दिली. पुढें १९२० नंतरच्या दशकांत जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांवर ब्यूखीची योजना बसविण्यांत आली, तेव्हां १,७५० अश्वशक्तीचीं एंजिनें २,५०० अश्वशक्ति देऊं लागलीं.

चंद्रपुराकडे पाइक्स पीक नाहीं, पण ऊन आहे. हवा तापली म्हणजेहि ती विरळ होते. १५ अंश सेंटिग्रेडच्या हवेशीं ताडून पाहिलें तर ४५ अंशांची हवा सुमारें एक दशांशानें हलकी भरते, आणि वैशाखांत ४५ अंश म्हणजे त्या जिल्ह्याला नवल नव्हे. टर्बोवांचून तेथील भरलेली गाडी चढावर धापा टाकूं लागते, ती याचमुळें. ऐकणाऱ्यांपैकीं ज्यांच्या दारांत डिझेलची मोटार उभी आहे, त्यांच्या मोटारींतहि बहुधा हेंच यंत्र लहान आकारांत बसविलेलें असतें. तेव्हां पुढील परीक्षा त्यांनाहि परकी वाटूं नये.

टिचकीची परीक्षा फसवी कां, तें आधीं पाहूं. घरांतील छताचा पंखा मिनिटाला तीनशें-साडेतीनशें फेरे घेतो. स्वयंपाकघरांतील मिक्सर वीस हजारांच्या आसपास जातो. ट्रकच्या टर्बोचें चाक पूर्ण ओझ्याखालीं मिनिटाला लाखाच्या घरांत फिरतें. ८ सेंटिमीटर व्यासाचें चाक घेतलें तर त्याचा परीघ सुमारें २५ सेंटिमीटर होतो. मिनिटाला लाख फेऱ्यांच्या हिशेबानें त्याच्या कडेवरील बिंदु सेकंदाला ४०० मीटरांहून अधिक अंतर तोडतो, म्हणजे आवाजालाहि मागें टाकतो. हा हिशेब शाळेंतील मुलालाहि कागदावर करतां येईल. अशा गतीला धातूवर धातु घासून चालावयाचें नाहीं. म्हणून बहुतेक ट्रकांच्या टर्बोंत दांडा पितळी कड्यांच्या आंत, तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत ठेवलेला असतो. कड्याच्या बाहेरहि तेलच असतें. आतां गंमत अशी कीं, कडें झिजून फट वाढली म्हणजे चाक टिचकीनें अधिकच मोकळें फिरतें. उलट चांगल्या टर्बोंत ताजें, दाट तेल असेल तर चाक दोन-चार फेऱ्यांत थबकतें. दुकानदार जें कौतुकानें दाखवितो, तें कधीं कधीं रोगाचेंच लक्षण असतें.

म्हणून प्रथम टिचकी विसरावी आणि टर्बो उजेडांत न्यावा. टर्बोच्या अंगावर एक पत्री असते. तिच्यावरील भाग-क्रमांक आपल्या गाडीच्या क्रमांकाशीं अक्षरशः जुळतो कीं नाहीं, तें पाहावें. बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसणारे दोन टर्बो आंतील चाकांच्या मापांत भिन्न असूं शकतात. पत्री काढून पुन्हां बसविलेली दिसली, किंवा मुळींच नसली, तर पुढची तपासणी करण्यांत वेळ दवडूं नये. रुपेरी रंगाविषयीं एवढेंच कीं, जुन्या यंत्राला नवा रंग कशासाठीं दिला असेल, हा प्रश्न मोठ्यानें विचारावयास हरकत नाहीं.

यानंतर हवेकडील चाक पाहावें, आणि या ठिकाणीं घाई करूं नये. कारण गडचांदुरासारख्या गांवीं यंत्राची सारी जन्मकथा याच चाकावर लिहिलेली असते. हें चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें, म्हणजे तसें मऊ, असतें. त्या बाजूची धूळ दोन तऱ्हेची. चुनखडीची पांढरी धूळ स्वतः मऊ असते. खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्या मानतात, त्यांत ती तिसऱ्या पायरीवर बसते. ती फिल्टर लवकर चोंदवते, पण चाक कुरतडण्यांत तिचा वांटा थोडा. रस्त्यावरच्या मातींत गारगोटीचे बारीक कण असतात. ते सातव्या पायरीवरचे. फिल्टर चोंदला म्हणून कोणी ड्रायव्हर तो काठीनें झोडपून पुन्हां बसवितो, कागदाला एखादी चीर पडते, अथवा हवेच्या रबरी नळीची पट्टी सैल राहते, आणि मग हे गारगोटीचे कण तोफेच्या गोळ्यांच्या वेगानें पात्यांवर आदळत राहतात. महिनोन् महिने हें चालतें. गाडी चालत असते, कोणाला कांहीं कळत नाहीं.

चांगल्या चाकाच्या पात्यांची पुढची कड सरळ, सारख्या जाडीची आणि कोपऱ्यावर स्पष्ट असते. धुळीनें खाल्लेलें पातें सुरीसारखें पातळ होतें, त्याचा कोपरा गोल होतो, कडेला करवतीसारखे दांते पडतात. सर्व पातीं एकमेकांशीं ताडून पाहावींत. सगळींच सारखीं झिजलेलीं असलीं तर तो धुळीचा पराक्रम. एक-दोनच वांकलेलीं किंवा तुटकीं असलीं तर एखादा नट, फडक्याचा तुकडा, अथवा असेंच कांहीं आंत गेलें असें समजावें. कांहीं विक्रेते अशा खांचा कानशीनें घासून गुळगुळीत करतात. डोळ्याला तें बरें दिसतें. पण लाख फेऱ्यांना एका पात्यावरून गेलेली धातूची चिमूटभर कीसहि दांड्याला धक्के देत राहते. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चाकाच्या पाठीवर किंवा मध्यावरील नटाजवळ धातु खरवडल्याची एखादी जागा आढळली तर ती बहुधा कारखान्यानेंच तोल साधण्यासाठीं केलेली असते. ती दोष नव्हे. कित्येक टर्बोंत नट आणि दांड्याचें टोक यांवर एकाच रेषेंत खूण असते. ती रेषा तुटलेली दिसली तर टर्बो मध्यें कोणी तरी उघडला होता, असा तर्क करावयास जागा आहे. उघडणें पाप नाहीं. पण पुन्हां तोल साधला होता काय, याचें उत्तर विक्रेत्याकडून मिळालें पाहिजे.

चाकाभोंवतींच्या कवचाच्या आंतल्या भिंतीवर विजेरीचा झोत टाकावा. भिंतीवर कोठें चकचकीत घासलेली चंद्रकोर दिसली, तर चाक भिंतीला लागलें होतें. मग बाकी कांहीं पाहण्याचें कारण उरत नाहीं.

आतां ढिलाई. बाजारांत हिला 'प्ले' म्हणतात, आणि तिच्याविषयीं गैरसमज पुष्कळ आहेत. चाक बोटांत धरून बाजूला हालविलें तर तें थोडें हालतेंच. दांड्याभोंवतीं तेलाच्या पडद्यासाठीं जागा मुद्दाम ठेवलेली असते, आणि दुकानांतील टर्बो कोरडा असल्यामुळें ती जागा रिकामी असते. ही हालचाल पाहून घाबरणारा गिऱ्हाईक चांगला माल सोडून जातो. तीच पाहून "असें असतेंच" म्हणणारा वाईट माल उचलतो. खरी परीक्षा अशी आहे. तेल शिरण्याच्या भोंकांतून स्वच्छ तेलाचे थोडे थेंब सोडून चाक हातानें फिरवावें. मग चाकाला एका बाजूला दाबून धरून, तसेंच दाबलेलें ठेवून, सावकाश फिरवावें. हें चारी बाजूंना करावें, आणि धुराकडील चाकावरहि करावें. दाबलेल्या स्थितींत पातें कोठेंहि भिंतीला टेकतां कामा नये, खरखर हाताला लागतां कामा नये.

दुसरी ढिलाई आंत-बाहेरची. दांडा त्याच्या लांबीच्या दिशेनें पुढें-मागें ढकलून पाहावा. येथें सवलत फार थोडी असते. बहुतेक ट्रकांच्या टर्बोंत ही मर्यादा एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी, असते. बोटांना 'टक्-टक्' असें स्पष्ट जाणवूं लागलें तर तो टर्बो परत फळीवर ठेवावा. शंका राहिली तर डायल गेज लावून माप घ्यावें आणि तें त्या बनावटीच्या पुस्तकांतील मर्यादेशीं ताडावें. गडचांदूरच्या आसपास एवढीं अवजड यंत्रें चालतात, तेव्हां असें गेज हाताळणारा फिटर शोधून सांपडणार नाहीं असें नाहीं. त्याला चहा पाजून दुकानीं आणणें हें एंजिन उघडण्यापेक्षां पुष्कळ स्वस्त पडतें.

धुराकडील चाक निकेलच्या मिश्रधातूचें असतें. तें धुळीनें खाल्लें जात नाहीं, पण एंजिनाच्या आंतील मोडतोड त्याला भोगावी लागते. पिस्टनच्या रिंगचा किंवा व्हॉल्व्हचा तुकडा उडाला तर या चाकाच्या बाहेरच्या टोकांना ठोकर बसते. अशी खूण म्हणजे ज्या एंजिनावरून हा टर्बो निघाला त्याच्या मृत्यूचा दाखलाच. त्या बाजूचें ओतीव लोखंडी कवच तापून-निवून भेगा धरतें. आंतल्या भिंतीवरील केसासारख्या बारीक भेगा पुष्कळदां चालतात. बाहेरपर्यंत आलेली किंवा जोडाच्या पट्टीवर गेलेली भेग मात्र चालत नाहीं. ज्या टर्बोला वेस्टगेट, म्हणजे जादा धूर बाजूनें सोडून देणारें झांकण असतें, त्याचें झांकण जागीं नीट बसतें काय व त्याचा दांडा अडकतो काय, तेंहि पाहावें. नव्या पद्धतीच्या टर्बोंत धुराची वाट कमीजास्त करणाऱ्या हलत्या पट्ट्या असतात. त्या काजळीनें जाम होतात. अशा टर्बोचा विजेवर चालणारा भाग हातानें तपासतां येत नाहीं, त्यासाठीं संगणकावरील चांचणीच हवी.

राहिलें तेल, आणि सर्वांत मोठा धोका तेथेंच आहे. टर्बोंत तेल अडविण्यासाठीं रबरी सील असतें अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षांत तेथें पिस्टनच्या रिंगसारखीं बारीक धातूचीं कडीं असतात, आणि तेल मुख्यतः दाबाच्या तोलानें जागीं राहतें. म्हणून हवेच्या वाटेंत किंचित् तेलकटपणा आढळला तर त्याची मोठी चिंता नको. एंजिनाच्या पोटांतील वाफाऱ्याबरोबर तेवढें येतें. पण आंत तेल सांचून राहिलेलें दिसलें, अथवा धुराकडील बाजू ओल्या काजळीनें माखलेली असली, तर सावध व्हावें. तेल परत जाण्याच्या खालच्या मोठ्या भोंकांत विजेरीनें पाहावें. तेथें कोळशासारखे कठीण काळे थर दिसले तर आधीचा ड्रायव्हर चढ चढून आल्याबरोबर, क्षणभरहि मंद न चालवितां, एंजिन बंद करीत होता हें जाणावें. थांबलेल्या तप्त टर्बोंतील तेल जागच्या जागीं भाजून निघतें.

हें तेल फुटून हवेच्या वाटेनें एंजिनांत शिरूं लागलें तर काय होतें? डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाहीं; जळण्यासारखें कांहीं आणि हवा, एवढें मिळालें कीं तें चालतें. टर्बोंतून येणारें तेल त्याला डिझेलसारखेंच मानवतें. ड्रायव्हर किल्ली फिरवून डिझेल बंद करतो, आणि एंजिन तरीहि चालत राहतें. नुसतें चालत नाहीं, तर आपलेंच तेल पिऊन अधिकाधिक वेगानें धांवूं लागतें. हवेची वाट बंद केल्यावांचून तें थांबत नाहीं, आणि तसें करावयास धांवण्याइतका अवधि किंवा धैर्य प्रत्येकाला असतेंच असें नाहीं. तेल संपेपर्यंत एंजिनाचे तुकडे व्हावयाचे, जवळ उभा असलेला जायबंदी व्हावयाचा. स्वस्तांत घेतलेल्या टर्बोनें सबंध एंजिन नेलें, असें जें गॅरेजांत ऐकूं येतें, त्यांतला एक प्रकार हाच.

एवढें सगळें निर्दोष आढळलें तरी एक प्रश्न राहतोच: हा टर्बो गाडीवरून कां काढला? अपघातांत चेपलेल्या गाडीचा असेल, तर तो अखेरच्या दिवसापर्यंत नीट चालत असण्याचा संभव आहे. ती गाडी, निदान तिचें एंजिन, पाहावयास मागावें. "मालकानें नवा घातला म्हणून काढला" हें उत्तर ऐकून मालकानें नवा कां घातला हेंहि विचारावें. गाडीचा क्रमांक व टर्बोचा क्रमांक घातलेली पावती घ्यावी; चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा गुन्हा आहे, आणि फळीवरचा टर्बो आपली जात सांगत नाहीं. बसवून पाहिल्यावर इतक्या दिवसांत परत घेईन, हें वाक्यहि त्याच पावतीवर यावें. तोंडी वचन देणारा दुकानदार कागदावर लिहितांना अडखळला, तर त्या अडखळण्याची किंमत सौद्यांत धरावी.

हिशेबहि पुरा करावा. जुन्या टर्बोच्या किंमतींत नवें तेल, तेलाचा व हवेचा फिल्टर, जोडाचे गॅस्केट, मजुरी आणि गाडी उभी राहिलेले दिवस हे सारे मिळवावेत, आणि टर्बो पुन्हां निकामी झाला तर हा खर्च दुसऱ्यांदा येणार हें ध्यानांत ठेवावें. कित्येक वेळां असें दिसून येतें कीं, आपलाच जुना टर्बो देऊन कंपनीकडून तोल साधून दुरुस्त केलेला घेणें, किंवा बाहेरचीं कवचें चांगलीं असल्यास मधला चाकांचा संच तेवढा नवा बसविणें, हें शेवटीं फार महाग पडत नाहीं.

आणि आपला पहिला टर्बो कशानें गेला, तें शोधल्यावांचून दुसरा बसवूं नये. टर्बो स्वतः होऊन क्वचितच मरतो. फिल्टर फाटका असला, तेलाची नळी कोळशानें अर्धी बुजलेली असली, तेल परत जाण्याची नळी कोठें दुमडलेली असली, तर नव्या टर्बोचीहि तीच गत व्हावयाची. तेलाच्या नळ्या साफ करून, शक्य तर नव्याच घालून, जोडावर सीलंटचा लपका न लावतां गॅस्केट बसवावें. लपक्याचा एक तुकडा सुटून तेलाच्या वाटेंत अडकला तर टर्बो कांहीं क्षणांत कोरडा पडतो. बसवितांना टर्बोंत आधीं हातानें तेल भरावें, डिझेल बंद ठेवून एंजिन थोडें फिरवावें, आणि तेलाचा दाब आल्यावरच तें सुरू करून कांहीं मिनिटें मंद चालवावें.

गडचांदूरचा आपला मालक हें सारें करून, गोण्या भरून, राजुऱ्याच्या वाटेला लागला आहे असें समजूं. पहिली फेरी करून परत आल्यावर त्याचें एक काम उरतें. एंजिन पुरतें निवूं द्यावें, हवेची रबरी नळी काढावी, विजेरी घेऊन चाकाच्या तोंडाशीं पाहावें आणि नळीच्या आंतून पांढरें फडकें फिरवून घ्यावें. फडक्यावर धुळीचा माग उमटला, तर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा कोणता तरी जोड अजून सैल आहे. तो त्याच संध्याकाळीं आवळून घ्यावा.